तुमचे प्रश्न : शर्यतीचा बैल, लाखांचं इंजेक्शन आणि सहीचा कागद

गेल्या अंकात एका उत्तरात क्लोनिंगचा (एका जिवाची जनुकं घेऊन त्याची प्रत काढण्याचा) ओझरता उल्लेख केला आणि टपाल वाढलं. संपादक म्हणाले, हा महिना त्यालाच देऊन टाका. म्हणून त्यातली काही पत्रं आणि वैद्यकीय संशोधनावर आलेली आणखी दोन-चार इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: मी मिरजेत औषधशास्त्र शिकवत होते, निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर आहे. माणसांवर होणाऱ्या संशोधनाचे प्रस्ताव वाचायचे, शंका काढायच्या आणि वाईटपणा घ्यायचा, असं ते काम. मला ते आवडतं.

ताई, माझ्याकडे खिल्लार बैल आहे. शर्यतीत त्याचं नाव आहे, पण आता वय झालं. हरियाणात म्हशीचे, रेड्याचे क्लोन काढतात असं मोबाइलवर पाहिलं. माझ्या बैलाचा निघेल का? आणि जनावराचा निघतो तर माणसाचा का काढू देत नाहीत? देवाच्या कामात ढवळाढवळ होते म्हणून का? (आटपाडी)

दादा, दुसऱ्या प्रश्नासाठी देवाला मध्ये आणायची गरज नाही. साधा हिशेब मांडला तरी पुरतं.

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये समरूपा नावाची क्लोन रेडी जन्मली आणि काही दिवसांतच दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा झाली. हिसारच्या संस्थेत २०१५ मध्ये हिसार-गौरव हा क्लोन रेडा झाला. आणि १६ मार्च २०२३ ला कर्नाललाच गीर गाईचा क्लोन झाला, तिचं नाव गंगा. रीत अशी: एका मादीचं बीजांड घ्यायचं, त्यातलं केंद्रक, म्हणजे जनुकं असलेला गाभा, काढून टाकायचं. ज्या जनावराची प्रत हवी त्याच्या कातडीतली, बहुधा कानाची किंवा शेपटीची, एक पेशी त्या रिकाम्या बीजांडाशी जोडायची. विजेचा हलका झटका द्यायचा. गर्भ वाढू लागला तर तो तिसऱ्याच मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. गंगाच्या वेळी पेशी गीरची, बीजांड साहिवालचं आणि पोटात वाढवणारी गाय संकरित होती. एका वासरामागे तीन जनावरं.

तेव्हा तुमच्या बैलाचा क्लोन तत्त्वतः निघू शकेल, तो खच्ची केलेला असला तरी. पण ही सोय अजून संशोधन संस्थांपुरती आहे, आणि त्यांचा भर दुधावर आणि पैदाशीच्या वळूंवर आहे. शर्यतीवर नाही. बैल खच्ची केलेला नसेल तर त्याच्या वीर्याच्या कांड्या करून ठेवता येतील का, हे आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एक गोष्ट मात्र आत्ताच मनाशी धरा: क्लोन झाला तरी तो तुमचा बैल असेल, अशी खात्री नाही. टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं. मूळ मांजर तिरंगी, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी चट्टे. क्लोनच्या अंगावर नारिंगी रंग औषधालाही नव्हता. जनुकं तीच, पण कुठल्या पेशीत कुठलं जनुक चालू राहील आणि कुठलं झोपेल हे गर्भातच ठरतं, आणि दर वेळी तसंच ठरत नाही. मांजराच्या रंगाचं असं, तर बैलाच्या धावेचं काय सांगावं? त्यात तुम्ही त्याला लहानपणापासून काय चारलंत, कसं पळवलंत, ते पेशीत कुठे उतरतंय?

आता माणसाचं. १९९६ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉली मेंढी जन्मली. तिच्यासाठी २७७ बीजांडं पेशींशी जोडली गेली. त्यातून गर्भ तयार झाले २९. ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि जगली एक. हे आकडे पेपरात येतात, वाचून आपण पुढे जातो. तुम्ही जरा थांबा. म्हशीची बीजांडं प्रयोगशाळेला कत्तलखान्यातून मिळतात. बाईची कुठून आणणार?

आपल्याकडे २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा आहे. त्यात बीजांड देणाऱ्या बाईला आयुष्यात एकदाच दान करता येतं, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजांडं काढता येत नाहीत. मर्यादा मुद्दाम आहे. त्यासाठी बाईला हार्मोनची इंजेक्शनं रोज घ्यावी लागतात, कधीकधी पोटात पाणी भरतं, क्वचित जिवावर बेततं. आता २७७ ला सातनं भागा. एका डॉलीसाठी चाळीस बायका. शिवाय गर्भ वाढवायला तेरा जणी, आणि त्यातल्या बाराजणींच्या पदरी काही नाही. काही नाही तेही सरळ नाही. क्लोन केलेल्या जनावरांत वार, म्हणजे प्लॅसेंटा, नीट बनत नाही, गर्भ अवास्तव मोठा होतो, जन्मलेलं पिल्लू श्वास घेऊ शकत नाही, हे वारंवार दिसलं आहे. शांघायला माकडांचे क्लोन झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं, त्याचा गाजावाजा झाला. ती दोन पिल्लं गर्भातल्या पेशींपासूनची होती. प्रौढ माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा ४२ माद्यांच्या पोटात गर्भ ठेवले, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लवकरच मेली. माणसाला क्लोन हवा असतो तो मोठ्या माणसाचाच. म्हणजे माणसाच्या क्लोनचा पहिला प्रयोग करायचा तर कितीतरी बायकांच्या पोटात काय काय होऊ द्यायचं हे आधी ठरवावं लागेल. त्या बायका कुठल्या घरातून येतील, हे तुम्हाला मला सांगायला नको.

हे नुसतं भय नव्हे, घडलेलं आहे. दक्षिण कोरियात सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये जाहीर केलं की मानवी गर्भाचा क्लोन करून त्यातून मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात त्या स्टेम सेल, मिळवल्या. हेतू मूल जन्माला घालण्याचा नव्हता, उपचाराचा होता. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं. मग बाहेर आलं की आकडे आणि छायाचित्रं बनावट आहेत. दोन हजारांहून जास्त बीजांडं खर्ची पडली होती, आणि देणाऱ्यांत त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुली होत्या. साहेबांनी मागितल्यावर नाही म्हणायची त्यांची काय प्राज्ञा? शोधनिबंध मागे घेतले गेले, २००९ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. बहुतेक लोकांना त्यातली लबाडी आठवते. मला त्या मुली आठवतात.

म्हणून सगळं शास्त्रच बंद करा, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये २०१३ साली हेच काम प्रामाणिकपणे झालं. आणि त्याच्या आधीच, २००६-०७ मध्ये, जपानच्या शिन्या यामानाका यांनी बीजांडाशिवाय, साध्या कातडीच्या पेशीला मागे नेऊन मूळपेशीसारखं करून दाखवलं. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. माझ्या मते त्या शोधानं बायकांवरचं केवढं तरी ओझं उतरवलं, पण नोबेलच्या कौतुकात ही गोष्ट कुणी फारशी बोललं नाही.

आमचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला. रुग्णालयाकडे त्याच्या तपासणीसाठी घेतलेला पेशींचा नमुना आहे. परदेशात कुठे होत असेल तर पैशांची सोय करू. कृपया मार्ग सांगा. (गाव छापत नाही)

दादा, वहिनी, मार्ग नाही. जगात आजवर एकाही क्लोन केलेल्या माणसाचा जन्म सिद्ध झालेला नाही. तपासणीसाठी रसायनात बुडवलेल्या किंवा मेणात घातलेल्या नमुन्यातल्या पेशी जिवंतही नसतात. २००२ च्या डिसेंबरमध्ये एका पंथाच्या कंपनीनं क्लोन मुलगी जन्मल्याची घोषणा केली होती, तिचं नावही सांगितलं. पुरावा आजतागायत दिला नाही. तुमचा पत्ता अशा कुणाच्या हाती लागला तर ते गोड बोलतील, हॉटेलात बोलावतील, आगाऊ रक्कम मागतील. देऊ नका. आणि समजा उद्या झालंच, तर जन्मेल ते दुसरंच मूल. ते तुमच्या मुलासारखं दिसेल, आणि तसं वागत नाही म्हणून रोज तुमच्या नजरेत कमी पडेल. मी तुम्हाला वेगळं पत्र टाकलं आहे.

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भारतात माणसाचं क्लोनिंग कोणत्या कलमाखाली गुन्हा आहे? प्रोजेक्टसाठी हवं आहे. (लातूर)

कलम शोधत बसलास तर प्रोजेक्ट राहून जाईल. 'माणसाचं क्लोनिंग हा गुन्हा' असं म्हणणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. आहेत त्या मार्गदर्शक सूचना. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, जैवतंत्रज्ञान विभागाबरोबर काढलेल्या मूळपेशी संशोधनाच्या सूचना बघ. २००७ पासून त्या आहेत, २०१७ ची आवृत्ती वाच. त्यात संशोधनाचे तीन कप्पे केले आहेत: चालेल, बंधनं घालून चालेल आणि मुळीच चालणार नाही. मूल जन्माला घालण्यासाठी क्लोनिंग तिसऱ्या कप्प्यात आहे. मानवी गर्भ प्रयोगशाळेत चौदा दिवसांपलीकडे वाढवणंही त्यातच. साधारण त्या सुमाराला गर्भावर पहिली रेघ उमटते, पुढे त्याच रेषेवर शरीर घडतं. त्याआधी एका गर्भाचे दोन होऊ शकतात. इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९८४ मध्ये ही हद्द सुचवली आणि बऱ्याच देशांनी उचलली.

सूचना मोडली तर तुरुंग नाही, पण निधी जातो, परवानगी जाते, डॉक्टर असेल तर वैद्यकीय परिषदेपुढे उभं राहावं लागतं. शिवाय २०२१ च्या कायद्यानं प्रजनन केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आणि गर्भाची विक्री गुन्हा ठरवली, त्यामुळे कुणी करायला गेलंच तर त्या बाजूनं पकडता येईल.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये इंग्लंडची गंमत जरूर घाल. त्यांचा कायदा १९९० चा. त्यात गर्भाची व्याख्या करताना फलन गृहीत धरलं होतं. क्लोनिंगमध्ये फलन होतच नाही. एका संघटनेनं नेमकं यावरच बोट ठेवलं आणि नोव्हेंबर २००१ मध्ये उच्च न्यायालयानं म्हटलं, खरं आहे, क्लोन केलेला गर्भ या कायद्यात बसत नाही. म्हणजे ज्या देशात एवढे कडक नियम, तिथे रातोरात मैदान मोकळं! सरकारची झोप उडाली, काही दिवसांत संसदेनं नवा कायदा करून असा गर्भ बाईच्या गर्भाशयात ठेवणं गुन्हा ठरवलं. वरच्या न्यायालयांनी पुढे तो निकाल फिरवला, ती गोष्ट वेगळी.

संयुक्त राष्ट्रांत मार्च २००५ मध्ये माणसाच्या क्लोनिंगवर बंदी घाला, असं देशांना सांगणारा ठराव आला. बाजूनं ८४, विरोधात ३४, तटस्थ ३७. भारतानं विरोधात मत दिलं. ऐकून धक्का बसतो, पण कारण रास्त होतं. मूल जन्माला घालणाऱ्या क्लोनिंगला आपला विरोधच होता. ठरावाची भाषा मात्र इतकी सैल होती की उपचारासाठीचं संशोधनही त्यात अडकलं असतं. मलाही हेच योग्य वाटतं. कायदा करायचाच तर इंग्लंडनं तेव्हा केला तसा दोन ओळींचा करा: असा गर्भ कुणाच्या गर्भाशयात ठेवाल तर तुरुंग. काचेच्या बशीतल्या पेशींसाठी समित्या आहेत, त्या पुरे.

आणि नुसत्या कायद्यावर विसंबून राहू नये, हे महाराष्ट्राला मी काय सांगावं? गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपण १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ च्या जनगणनेत त्या ८९४ झाल्या. चीनमध्ये उलटं घडलं. ह जियानक्वी नावाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या, तेव्हा तिथे त्यासाठी नेमका फौजदारी कायदा नव्हता. न्यायालयानं बेकायदा वैद्यकीय व्यवसाय या आरोपाखाली तीन वर्षांची कैद आणि तीस लाख युआन दंड दिला. त्यांनी एथिक्स कमिटीच्या मंजुरीचे कागद बनावट केले होते. कमिटीवर बसणाऱ्या बाईच्या रागाचा पारा कुठे गेला असेल, तूच ठरव.

माझा नातू पाच वर्षांचा, ऑटिझम आहे. एका क्लिनिकनं सांगितलं की कमरेच्या हाडातून पेशी काढून पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊ, बोलायला लागेल. काही लाख खर्च सांगितला. मुलगा शेत विकायला निघाला आहे. (नागपूर जिल्हा)

मावशी, शेत विकू देऊ नका. आजचा अंक हातात पडताच मुलाला हे वाचून दाखवा.

मूळपेशींचा उपचार खरा आहे, पण तो मुख्यतः रक्ताच्या आजारांसाठी: रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया. त्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. ऑटिझमसाठी तो उपयोगी पडतो असा पुरावा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं की ऑटिझमसाठी मूळपेशींचा उपचार सुचवता येत नाही, आणि त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरावं. आयसीएमआरच्या सूचना त्याच्याही आधीपासून सांगतात की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर मूळपेशींचं इंजेक्शन म्हणजे प्रयोग आहे, आणि तो क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरची रीतसर चाचणी, म्हणूनच झाला पाहिजे.

इथेच मेख आहे. ट्रायल असेल तर पेशंटकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात. आणि पैसे घेत असतील तर ते उपचार म्हणून विकताहेत, ज्याला पुरावा नाही. डॉक्टरांना एवढंच विचारायला सांगा: "हा उपचार आहे की ट्रायल?" उपचार म्हणाले तर वर लिहिलं ते दाखवा. ट्रायल म्हणाले तर एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक मागा. ही ट्रायलची सरकारी नोंदवही, १५ जून २००९ पासून सक्तीची, इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. मात्र क्रमांक दाखवला म्हणून भुलू नका. नोंद असणं म्हणजे सरकारनं औषध चांगलं ठरवलं असा अर्थ होत नाही. हल्ली जाहिरातीत तो क्रमांक पदकासारखा मिरवतात, माझं डोकं फिरतं.

ते 'बरं झालेल्या' मुलांचे व्हिडिओ दाखवतील. पाच वर्षांचं मूल सहा वर्षांचं होताना काही ना काही शिकतंच, त्यात आईबाप वर्षभर स्पीच थेरपीही करत असतात. श्रेय इंजेक्शन घेऊन जातं. पोराच्या मणक्यात सुई टोचल्यानं जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे व्हिडिओत नसतं.

करण्यासारखं काय आहे? जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसी म्हणतात त्याला, नाव नोंदवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ती सेवा अठरा वर्षांपर्यंत मोफत आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. या रांगा कंटाळवाण्या आहेत आणि फळ सावकाश दिसतं. शेत मात्र शाबूत राहील, आणि ते नातवाला पुढे लागणार आहे.

मुलीला सातवा महिना आहे. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या बँकेचा प्रतिनिधी मॅटर्निटी होममध्येच भेटला. 'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणाला. हप्त्यानं पैसे द्यावेत का? (नाशिक)

नको. स्वतःच्या बाळासाठी खासगी बँकेत नाळेचं रक्त ठेवायला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या सूचनांत लिहिलं आहे. बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचंही तेच मत. बाळाला पुढे अनुवंशिक आजार निघाला तर साठवलेल्या रक्तातही तोच दोष असणार, मग उपयोग काय? घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असून बोन मॅरो लागणार असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा रक्तविकारतज्ज्ञांशी बोला. नाहीतर डॉक्टरांना सांगा, बाळ ठीक असेल तर नाळ कापायची घाई करू नका, मिनिटभर तरी थांबा. तेवढ्यात बाळाला स्वतःचंच रक्त मिळतं, लोह मिळतं. यासाठी हप्ता पडत नाही.

यजमानांना मधुमेह आहे. ज्या रुग्णालयात वर्षानुवर्षं दाखवतो तिथले डॉक्टर नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये या म्हणतात. मुलगा म्हणतो, गिनिपिग करतील. यजमान म्हणतात, डॉक्टर देवमाणूस आहेत, त्यांना नाही कसं म्हणायचं? (लालबाग)

वहिनी, मुलाच्या भीतीपेक्षा मला यजमानांचं वाक्य जास्त काळजीचं वाटतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला संमती कशी म्हणायची?

तुम्ही लालबागला राहता, परळची हाफकिन संस्था हाकेवर आहे. ज्यांच्या नावानं ती आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतल्या प्लेगच्या साथीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तिथल्या कैद्यांना. कैदी स्वेच्छेनं पुढे आले, अशी नोंद आहे. लस उपयोगी पडली, पुढे लाखोंना टोचली गेली. हाफकिनबद्दल मला आदर आहे. पण आज तसा प्रस्ताव आमच्यापुढे आला तर पहिला प्रश्न हाच येईल की गजाआडच्या माणसाची स्वेच्छा कशी मोजलीत.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडूनही देता येत नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची, लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुली दगावल्या, प्रकल्प २०१० च्या एप्रिलमध्ये थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, आणि ती लस चांगलीच आहे, नातीला जरूर द्या. पण आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं किंवा मुख्याध्यापकांनी सही केली होती. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे मारले.

आता नियम बरे आहेत. २०१९ च्या नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत किमान सात जण लागतात, अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा हवा, निम्मे सदस्य बाहेरचे हवेत, एक कायदा जाणणारा आणि एक अगदी सामान्य माणूस हवा. आमच्या कमिटीतले सामान्य सदस्य निवृत्त पोस्टमास्तर आहेत. माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर पंधरा-वीस पानी येतं, आम्ही डॉक्टर मंडळी ते चाळून पुढे सरकवतो. पोस्टमास्तर चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागतात, आणि तिसऱ्या ओळीला कंपनीचा प्रतिनिधी खुर्चीत चुळबुळ करतो. एकदा ते म्हणाले, "पेशंट जतहून येणार, सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला. पहिली एसटी किती वाजता सुटते, तुम्ही पाहिलंय का?" कुणीच पाहिलं नव्हतं. प्रस्तावात मुक्कामाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च घालायला लावला, मगच मंजुरी दिली.

यजमानांनी सही लगेच करू नये. कागद घरी आणावा, दोन दिवस ठेवावा, मुलाला वाचायला द्यावा. सध्याच्या गोळ्या बंद होणार का, निम्म्या लोकांना औषधाऐवजी नुसतीच गोळी मिळणार का, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हे डॉक्टरांना विचारा. ट्रायलमध्ये काही इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि इजा ट्रायलमुळेच झाली असेल तर भरपाईही. ट्रायल मध्येच सोडता येते, कारण सांगावं लागत नाही, नेहमीचे उपचार थांबत नाहीत. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्या हातात पडली पाहिजे. त्यावर कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर असतो, तो फ्रिजवर चिकटवा. डॉक्टर खरोखर देवमाणूस असतील तर यातल्या कुठल्याच प्रश्नावर रागावणार नाहीत. उत्तरं पटली तर खुशाल भाग घ्या. आज यजमान घेतात ती प्रत्येक गोळी आधी कुणीतरी ट्रायलमध्ये घेतलेलीच आहे.

मी नववीत आहे. माझा क्लोन झाला तर त्याला माझंच आधार कार्ड चालेल का? (वर्धा)

नाही चालणार. त्याचं वय तुझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी कमी असेल, तेव्हा जन्मतारखेवरच गाडी अडेल. शिवाय बोटांचे ठसेही जुळणार नाहीत. सारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावंडांची जनुकं सारखी असतात, तरी ठसे वेगळे असतात. ठशांच्या बारीक रेषा गर्भाशयात घडतात, आणि तिथला दाब, बाळाची हालचाल, बोटांची वाढ हे प्रत्येकाचं वेगळं असतं. डोळ्यातल्या बुबुळाची नक्षीही तशीच. म्हणजे आधार केंद्रावर तो तुझ्यापेक्षा वेगळा माणूस ठरेल, त्याचा नंबर वेगळा, आणि गणिताचा गृहपाठही त्याचा त्यालाच करावा लागेल. तुझा तू कर.